गप्प बसलेल्या पेशी

"तुमच्या पेशी तिथे व्यवस्थित नांदतायत, ताई. पण गप्प बसून आहेत," पुण्याहून डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, आणि त्याच क्षणी खिडकीपलीकडून एकजण ओरडला, "ओ म्याडम, सतरा दिस झालं नंबर लावून! आता काय चूल पेटवू?" फोन डाव्या खांद्यावर मानेनं दाबून धरत मी उजव्या हातानं त्याचं कार्ड ओढून घेतलं, तारीख बघितली, वहीत लिहिलं आणि "परवा गाडी येईल, पावणं" असं हलक्या आवाजात सांगितलं. गॅस एजन्सीच्या या खिडकीवर मी अकरा वर्षं हेच करते. लोकांनी ओरडायचं आणि मी लिहून घ्यायचं. साऱ्या कोल्हापूरचा आवाज या एका जाळीतून माझ्या अंगावर येतो आणि मी तो निळ्या शाईत उतरवून ठेवते. आमचे मालक बाळासो आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "ललिताबाई म्हंजे बर्फाची लादी हाय. कितीबी तापून या, गार होऊनच जाशीला." मला या कौतुकाचा आजवर अभिमान होता. पण डॉक्टरबाईंचा शब्द कानात गेला आणि मी पुढचं कार्ड घ्यायची थांबले. "गप्प म्हणजे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काही करतच नाहीत. दुसऱ्या डोसलाही अंगावर पुरळ नाही, पोटाची तक्रार नाही, आणि आजारही आहे तिथेच आहे. पुढच्या महिन्यात तिसरा देऊ, जास्त मोठा. मग बघू." मग बघू, म्हणजे मग बघण्यासारखं काही उरणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी "बरं" म्हणाले. मी नेहमीच बरं म्हणते.

प्रसेनजीत माझा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. गेल्या वर्षी, दोन हजार पाचच्या पावसाळ्यानंतर, माझ्या रक्तातल्या मूळपेशी काढून त्याला दिल्या. तीन-चार महिने बरे गेले आणि या जानेवारीत आजार पुन्हा डोकावला. औषधांनी त्याला कसाबसा थोपवून धरलाय, पण औषधं काही जन्माची पुरणारी नाहीत. तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला तिघांना, मला, प्रसेनला आणि त्याच्या बायकोला, निशाला, समोर बसवून सांगितलं, की एक प्रयोग चालू आहे. प्रयोगच म्हणाल्या त्या, उपचार नाही म्हणाल्या. त्या कागदावरही तसंच छापलं होतं, आणि प्रसेन त्यातला सातवा पेशंट होता. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या आणि त्याला टप्प्याटप्प्यानं द्यायच्या, आधी थोड्या, मग जास्त. "या पेशींचं कामच परक्याला ओळखून मारायचं," त्या म्हणाल्या. "त्यांनी कॅन्सरला परकं म्हणून ओळखावं, एवढीच आपली इच्छा. पण त्या ओळखताना कधी त्याच्या कातडीलाही परकं समजतात, कधी आतड्याला, यकृताला. फार झालं तर जीवावर बेततं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण अजिबातच झालं नाही, तर बहुतेक वेळा कॅन्सरलाही त्या काही करत नाहीत. थोडं भांडण हवंच, ताई. थोडी पुरळ उठली तर आम्ही डॉक्टर लोक खूश होतो." प्रसेन तेव्हा हसला होता. "मग अवघड हाय की, बाई," तो म्हणाला होता, "आमची आक्का जन्मात कुणासंगं भांडली न्हाय." आम्ही सगळेच हसलो होतो. आता फोन ठेवल्यावर मला ते हसणं आठवलं.

मी काही अडाणी नाही. पेशींना कान नसतात, त्यांना स्वभाव नसतो, हे मला कळतं. आबांनी, आमच्या वडिलांनी, आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस-सायास कशालाच उंबरा ओलांडू दिला नाही. ते छप्पन साली दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या बापानं घरातले देव नदीला सोडले ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे आमच्यात राखी नाही, भाऊबीज नाही. पौर्णिमेला विहारात वंदना आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पुण्याच्या दवाखान्यात एक नर्स म्हणाली होती, "ताई, तुम्ही भावाला उलटी ओवाळणीच घातली की," तेव्हा आमच्यात ओवाळतच नाहीत हे तिला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, आणि नेहमीसारखं मी ते गिळलं. गिळायची सवयही आबांचीच. बिद्रीच्या साखर कारखान्यावर ते हंगामी कामगार होते. ऊस टाकायच्या गव्हाणीशी उभं राहून, भोंग्यात आणि यंत्रांच्या घरघरीत आठ-आठ तास काढून घरी यायचे आणि चप्पल काढतानाच म्हणायचे, "हळू बोला." आम्ही हळूच बोलत असायचो. त्यांचं म्हणणं असं, की गावात बाकीच्यांच्या घरात भांडण झालं तर ते भांडण असतं. आपल्या गल्लीत आवाज चढला की लोक म्हणतात, ह्यांच्यात असंच चालायचं. "आपल्या घरातला आवाज रस्त्यावर जाता कामा न्हाय," हे आमच्या घरातलं सहावं शील होतं. साऱ्या जिल्ह्यात लोक प्रेमानं बोलले तरी शेजाऱ्याला भांडण वाटतं, आणि आमच्या घरात भांडण असलं तरी शेजारच्या चिमणाबाईला वाटायचं की आम्ही झोपलोय. मला आबांचा राग येत नाही. ते कशाला घाबरत होते आणि कशाची लाज राखत होते, हे मला आता चाळिशीला टेकताना नीट दिसतं. पण लहानपणी ज्या पोरानं माझी पाटी फोडली, त्याला मी एक शब्द बोलले नाही, आणि तो राग कुठं गेला ते मला अजून माहीत नाही.

त्याच आबांनी एकदा, माझं लग्न ठरल्यावर, मला शेताच्या बांधावर नेलं होतं. आमची एक एकर आणि वर चार गुंठे जमीन. विहिरीच्या बाजूला बोट करून ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "हे हिरीकडचं सोळा गुंठं तुझं. ध्यानात ठेव." मी ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांनी सांग असं म्हटलं नव्हतं. आई त्याआधीच गेली होती. पंच्याण्णव साली आबा गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रसेन कोल्हापूरला माझ्या घरी आला, हातात साडीची पिशवी घेऊन. कारखान्याचं सभासद व्हायचं, पाइपलाइनला कर्ज काढायचं, तर सातबारा एका नावावर बरा पडतो, असं तो माझ्याकडं न बघता बोलला. हक्कसोडपत्र. आमच्या भागात हे नवीन नाही. बहिणी सही करतात, भाऊ साडी-चोळीवर बोळवण करतो, आणि लोक म्हणतात, हिनं माहेर राखलं. जी करत नाही तिचं माहेर तुटतं, आणि तिच्या सासरचेसुद्धा तिला म्हणतात, हावरी. कागलला निबंधकाच्या ऑफिसात आमचा नंबर यायला वेळ होता म्हणून आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. मिसळ आली. प्रसेननं पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला, तर्रीचा थेंब पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. मी वाचला. विहिरीकडच्या सोळा गुंठ्यांचा गट नंबर त्यात होता. आणि मी म्हणाले, "पेन हाय का?" हिरवी साडी होती. चांगली होती, त्यानं स्वस्तातली आणली नव्हती. ती मी कधीच नेसले नाही.

त्यानंतर आमचं काही बिघडलं नाही, आणि हेच आमचं बिघडलं. लग्नाकार्याला भेटलो, आबांच्या स्मृतिदिनाला भेटलो, एकमेकांच्या पोरांचे मार्क विचारले. दर जानेवारीत गुऱ्हाळ लागलं की तो एक गुळाची ढेप पाठवायचा. बिद्रीहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, ओल्या फडक्यात बांधून. आणि ती ढेप मी फोडायची, आणि शेजारपाजारी वाटून टाकायची. एक खडासुद्धा तोंडात घालायची नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गुळाचा चहा आवडतो. शिरोलीच्या फौंड्रीतून भट्टीपुढं दिवस काढून आले की त्यांना तोच लागतो. त्यांच्यासाठी मी दुकानातून गूळ विकत आणायचे. माणूस रागानं काय काय करतो. कुणी विळा उचलतो, मी गूळ वाटत होते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "ललिताबाईंचा हात लई सढळ हाय बगा," आणि मी हसायचे. हे कुणाला कधी कळलं नाही. हा राग आहे हे तेव्हा मलासुद्धा कळलेलं नव्हतं.

मग तो आजार. पुण्यात रक्त जुळवून बघायचं ठरलं, तेव्हा प्रसेननं मला फोन केला नाही, निशाला करायला लावला. निशा म्हणाली, "आक्का, कसं इचारू कळना झालंय." मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेले. दहापैकी दहा जुळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकं जुळणं भाग्याचं. मला वाटलं, जुळणारच. आम्ही एकाच घरात गप्प बसायला शिकलो. पाच दिवस पोटात सुया घेतल्या, हाडं आतून कुणी चिमट्यात धरल्यासारखी ठणकली, आणि मग एका यंत्राशेजारी चार तास आडवी पडून माझंच रक्त एका हातातून बाहेर जाताना आणि दुसऱ्या हातात परत येताना बघितलं. अठराव्या दिवशी निशाचा फोन आला, "आक्का, विरजण लागलं!" पेशी रुजल्या हे सांगायला तिला दुसरा शब्द सुचला नव्हता, आणि मलाही याहून बरा सुचला नसता. काही महिन्यांनी त्याचा रक्तगट बदलला. जन्मभर ओ असलेला माणूस माझ्यासारखा बी झाला. "आता माझ्यात तूच की," तो म्हणाला होता. मला ते ऐकून भरून आलं, हे खरं. पण त्या भरून येण्याच्या तळाशी, फार खाली, काहीतरी आंबट होतं, हेही खरं. बहीण म्हणून नाव सातबाऱ्यावरून काढलं आणि अंगात घातलं, असा एक विचार आला आणि मी तो लगेच झाकून ठेवला.

डॉक्टरबाईंचा तो फोन आल्यापासून मात्र ते झाकण बसेना. खिडकीवर लोक ओरडत होते, मी लिहीत होते, आणि आत एकच चक्र फिरत होतं: माझ्या पेशी त्याच्या अंगात जाऊन बसल्या आहेत, समोर आजार दिसतो आहे, आणि त्या म्हणतायत, जाऊ दे. पेन हाय का? मी हे रात्रीच्या जेवणाच्या ताटावर ह्यांना बोलून दाखवलं. आमचे हे फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी हसले. "तुझं डोकं फिरलंय," म्हणाले. "पेशीला काय ठावं, तू कागलात काय केलीस ते." मग दोन घास खाऊन म्हणाले, "पर एक इचारू? तू गूळ का वाटतीस गं दरसाली?" मी वर बघितलं. ते भाकरी मोडत होते. म्हणजे ह्यांना माहीत होतं. दहा वर्षं विकतच्या गुळाचा चहा पीत हा माणूस गप्प बसला होता. मला रडावं की हसावं कळेना. "परवा रविवार हाय. जाऊन ये बिद्रीला," ते म्हणाले.

रविवारी सकाळी गारगोटीच्या एसटीत बसले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते आणि ती सगळी अर्जासारखी होत होती, विनंती विशेष. हंगाम नसल्यामुळे कारखान्याची चिमणी नुसतीच उभी होती. घरात प्रसेन बाहेरच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसला होता, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला, अंगावर पातळ रजई, आणि मनगटं एवढी बारीक झालेली की घड्याळ कोपराकडं सरकलेलं. वर भिंतीवर आबा. निशानं उकळून गार केलेलं पाणी दिलं. तो म्हणाला, "आक्का, अशी अवचित?" मला जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मला भांडायचं हाय," मी म्हणाले.

"कुणासंगं?"

"तुझ्यासंगं."

निशाचा हात तांब्यावरच राहिला. प्रसेननं माझ्याकडं नीट बघितलं, बहुधा माझ्या डोक्यावर परिणाम झाला का हे बघत असावा. "आत्ता?" तो म्हणाला.

"मग कवा? तू गेल्यावर?" हे माझ्या तोंडून गेलं. आता मागं फिरायला वाट नव्हती, आणि पुढची वाट ठाऊक नव्हती, म्हणून मी हाताला लागलं ते उचललं. "तुझ्या गुळातला एक खडा मी खाल्लो न्हाय! धा वर्सं! सगळा वाटून टाकलो!" राग आला की माझी नोकरीवरची भाषा सुटते आणि गावाकडच्या बायकांसारखी मी स्वतःला खाल्लो-गेलो म्हणू लागते, हे मला त्या दिवशी कळलं. आजवर कळायला तसा प्रसंगच आला नव्हता.

"मग च्या कशाचा पीत हुतीस?" तो म्हणाला.

"साखरंचा!"

"पावणं आल्यावर बी?"

"पावणं आल्यावर बी! आन ती हिरवी साडी एकडाव अंगाला लावली न्हाय. घडी तशीच हाय, कसर लागली तिला!" माझा आवाज चढला होता. तो मला माझ्याच कानांनी ऐकू येत होता, फाटका, चिरका, कुणा परक्या बाईचा असावा तसा. "हिरीकडचं सोळा गुंठं माझं हुतं, प्रसेन! आबा मला बांधावर उभं करून बोललेत. तुला ठावं तरी हाय का?"

तो रजईच्या टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "मला बी बोललेत."

"काय?"

"मला बी त्येच बोललेत. आक्काचं हाय म्हणून."

"आन तरी तू कागद आणलास?"

"आणला," तो म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज चढला, आजारी माणसाचा आवाज चढेल तेवढा. "आणला की! हाटेलात पिशवीतनं काढताना हात कसा लटलटत हुता ते माझं मला ठावं. वाटलं, आक्का आता इचारंल. एक शबूद बोलंल. बोलली की म्हणायचं, बरं बाई, सोळा गुंठं ऱ्हाऊ दे तुझ्या नावावर, दुसरा कागद करू. तू काय केलीस? पेन हाय का म्हणालीस! मला वाटलं, हिला आबाचं काय न्हाय, माझं काय न्हाय, मातीचं काय न्हाय. साडी घेतलीस आन एस्टीत बसलीस. मी त्या हाटेलात परत जाऊन बसलतो, म्हाईत हाय तुला? तासभर बसलतो."

"मग तू का बोलला न्हाईस?"

"मी का न्हाई बोललो? मी बी त्येचाच ल्योक की!" त्यानं मान वर करून भिंतीकडं बघितलं. आबा नेहमीसारखे समोर बघत होते.

दारात चिमणाबाई उभी होती. पदर तोंडाला लावलेला, डोळ्यांत पाणी आधीच तयार. "काय झालं गं?" ती म्हणाली. "कोण गेलं?" या घरातून मोठा आवाज आला म्हणजे कोणीतरी गेलं असणार, याशिवाय तिला काही सुचलं नसावं. निशा म्हणाली, "कोण न्हाय गेलं, मावशी. भावाभैनीचं चाललंय." "भांडत्यात?" चिमणाबाई म्हणाली, "ह्या घरात?" आणि ती निवांत उंबऱ्यावर टेकली, कारण असला प्रकार सोडून जाणं तिच्या जिवावर आलं. तिच्यामागं आणखी दोघीतिघी गोळा झाल्या होत्या. आवाज रस्त्यावर गेला होता. मी आबांच्या फोटोकडं बघायचं टाळलं आणि विचारलं, "आन आता काय केलास त्या सोळा गुंठ्याचं? ऊस लावलास?"

"इकलं," प्रसेन म्हणाला. "गेल्या साली. पुण्याला भरायला. तुझी जमीन बी माझ्या अंगात हाय, आक्का, आन तुझं रगात बी. आता काय मागतीस, माग."

मला हे माहीत नव्हतं. कर्ज काढलं, सोसायटीनं मदत केली, असं काहीतरी निशा म्हणाली होती. मी खाटेच्या कडेवर बसले. "मला इचारलं का न्हाईस?" मी म्हणाले, पण आता ओरडता येईना.

"इचारलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस," तो म्हणाला. "तुझं व्हय ऐकून ऐकून मला कटाळा आला हुता." एवढं बोलल्यानं त्याला धाप लागली होती. त्यानं मास्क वर ओढला, तो परत खाली केला, आणि मग त्या मास्कच्या दोऱ्या कानांवर तशाच लोंबत असताना तो रडू लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड बंद ठेवून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मणके मोजता आले असते. मला त्याचा इतका राग होता आणि तो मला इतका हवा होता, की त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. निशानं चहा आणला. गुळाचा होता. मी प्यायले. चिमणाबाईनंही घेतला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून उगीचच हसत होते. अंग हलकं झालं होतं आणि मनात एक पक्की खात्री बसली होती, जी आबांनी ऐकली असती तर मान हलवली असती: आता लागेल. आता तिसऱ्या डोसला पेशी गप्प बसणार नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही पुण्याला गेलो. नर्सनं एक लहानशी पिशवी आणली, बर्फातून काढून कोमट पाण्यात धरलेली, आत फिकट गुलाबी पातळसं काहीतरी. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "मला काढायला नाही बोलावलंत या वेळी?" त्या म्हणाल्या, "अहो ताई, मार्चमध्ये एकदाच काढल्या होत्या ना. त्याच भाग करून गोठवून ठेवल्यात. हा त्यातला शेवटचा मोठा भाग." मला हे आधी सांगितलेलं होतं. माझ्या सहीच्या कागदावर लिहिलेलंही होतं. पण माणूस सोयीचं तेवढंच आठवतो. मार्च. भांडण जुलैत झालं. या पिशवीतल्या पेशींना चिमणाबाई ठाऊक नव्हती, गुळाचा चहा ठाऊक नव्हता. त्या बिचाऱ्या अजून कागलच्या हॉटेलात बसून पेन मागत होत्या. नळीतून एक-एक थेंब उतरताना मी बघत राहिले आणि मला रडू आलं. प्रसेनला वाटलं मी घाबरले. "काय न्हाय गं," तो म्हणाला, "ह्या खेपेला भांडतील बघ. मी बी आतनं डिवचतो त्यास्नी."

मग वाट बघणं. निशा रोज सकाळी त्याला उजेडात उभं करून तळहात, तळपाय, कानामागची कातडी बघायची आणि मला फोनवर सांगायची, काही नाही. दहा दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही. मी खिडकीवर कार्डं ओढत होते, तारखा लिहीत होते. पुरळ उठावी असं मागताना, ती फार उठू नये असंही मागायचं होतं. कातडीवर थांबावी, आतड्यात उतरू नये. कुणाकडं मागायचं हाही प्रश्नच होता, कारण आमच्यात मागायला कुणी ठेवलेलं नाही. मी आबांच्याकडं मागितलं. हळू आवाजात मागितलं, त्यांना तेच समजतं.

एकोणिसाव्या दिवशी, अकराच्या गर्दीत, फोन वाजला. "आक्का," निशा म्हणाली, आणि तिचा श्वास लागला होता, "तळहात लाल झाल्यात. कानामागं बी बारीक पुरळ हाय. डॉक्टरबाईंना कळवलं, आजच निघून या म्हणाल्या. वाढतंय का ते बघाय पायजे, पोटात उतरलं तर घात हाय म्हणाल्या. पर आक्का, त्या हसल्या. फोनवर हसल्या." माझ्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. जाळीपलीकडं एक माणूस ओरडत होता, घरात बारसं हाय, जेवणावळीला काय लाकडं आणू काय, आणि त्याच्या मागचे चारजण त्याला साथ देत होते. मग फोनवर प्रसेन आला. आवाज बारीक, पण त्यात मला ओळखीचा असा एक खट्याळपणा होता, जो दहा वर्षं ऐकला नव्हता.

"आक्का, हात लई खाजायल्यात गं. तुझं अजून संपलं न्हाय व्हय?"

मी उभी राहिले. खुर्ची मागच्या सिलिंडरवर आदळली. बाळासो आपल्या टेबलावरून वर बघू लागले, जाळीपलीकडचा तो बारशाच्या घरचा माणूस तोंड उघडं तसंच ठेवून थांबला.

"न्हाय संपलं!" मी ओरडले. "धा वर्सांचं हाय, एवढ्यात कसं संपंल? पर बेतानं भांडतो मी, प्रसेन! तू तेवढा टिकून ऱ्हा!"

आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. समोरच्या पानटपरीवरची माणसं वळून बघत होती.